सुटलेला हात

चारुशीला चौगुलेचा मेलेला उजवा हात जिवंत झाला, तेव्हा त्या हाताने पहिला नमस्कार अक्कांना केला. पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत डॉक्टर, तंत्रज्ञ सगळे उभे होते. ती खुर्चीतून वाकली आणि पाची बोटं अक्कांच्या पावलांवर टेकली. अक्का एकदम मागे सरकल्या.

"बास, बास. हात आला तर आधी ओढणी सावर," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि गुपचूप डोळे पुसले.

अक्का म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची, सन्मतींची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. भावाचा संसार तोच आपला मानून जयसिंगपूरच्या घरात राहिल्या. चारुशीलाला मूलबाळ नव्हतं. सन्मती हृदयविकाराने अचानक गेले आणि घरात या दोघीच उरल्या. चारुशीला गावातल्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. एका सकाळी स्टाफरूममध्ये चहाचा कप उचलायला गेली आणि कप उचललाच गेला नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वाचा हळूहळू परत आली, पायही चालू लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला.

पुढची दोन वर्षं अक्कांनी तिला आंघोळ घातली, घास भरवला, वेणी घातली. रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून तो मेलेला हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळला. सख्खी आई करणार नाही असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण याच अक्कांनी तिची पुस्तकं माळ्यावर टाकली, "आता कशाला डोक्याला ताण" म्हणून. भेटायला आलेल्या विद्यार्थ्यांना "झोपलीय ती" असं सांगून दारातूनच परत पाठवलं, आणि ती आत जागी असायची. एकदा तर तिच्यासमोरच शेजारणीला म्हणाल्या, "आता हे लेकरूच आहे माझं." चारुशीला ऐकून घ्यायची. ज्या बाईने आपली घाण काढली तिच्यावर चिडायचं तरी कसं? राग यायचा, आणि आल्याबरोबर त्याची लाज वाटायची.

मग 'सेतू' आला. कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर, सायीहून पातळ अशी एक जाळी बसवायची. हालचालींची आखणी जिथे होते, बरोबर त्या जागी. जाळीने टिपलेले संकेत खांद्यापासून मनगटापर्यंत घातलेल्या पातळ बाहीकडे जायचे आणि बाही स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन हात हलवायची. तुटलेल्या पुलाला वळसा घालून नवा रस्ता, एवढीच कल्पना. अशी यंत्रं आधीही होती. पण त्यांत हात उशिरा हलायचा, कप धरेपर्यंत कप पडलेला असायचा. सेतूचा हात मात्र खऱ्या हातासारखा चालायचा. जगात तो फक्त साठजणांना बसवला होता.

"एवढा फरक कसा पडला?" चारुशीलाने सुरुवातीलाच विचारलं होतं.

सेतू बनवणाऱ्या डॉ. नाझनीन बागवान मिरजेच्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, झरझर बोलणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं, "मॅडम, एसटीत बसलाय ना तुम्ही? ड्रायव्हर इंजिन आधी सुरू करतो, पण कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. मेंदूचंही तसंच आहे. 'मी हात उचलते' असं तुम्हाला वाटायच्या आधीच मेंदूत हात उचलायची तयारी सुरू झालेली असते. साधारण अर्धा सेकंद आधी. जुनी यंत्रं घंटीची वाट बघायची. आम्ही इंजिन सुरू झाल्याचं ऐकतो आणि लगेच गाडी सोडतो. म्हणून तुम्हाला हात आपलाच वाटतो."

"आणि कंडक्टरने घंटी दिलीच नाही तर? इंजिन सुरू झालं, पण त्याला वाटलं, थांबावं?"

नाझनीन हसल्या. "तुम्ही तत्त्वज्ञानवाले! तेवढा धोका आहे. पण मागून थांबा म्हटलं की हात थांबतो. किंचित उशिरा, इतकंच."

त्या किंचित उशिराचा अर्थ घरी आल्यावर थोडा थोडा कळू लागला. ताटात दुसरी पुरणपोळी नको असं ठरवेपर्यंत ती हातात आलेली असे. कंटाळवाण्या माणसाचा फोन कट झालेला असे. अक्का हसायच्या. एका संध्याकाळी मात्र हसल्या नाहीत. चारुशीलाच्या डाव्या दंडावर डास बसला होता. तिने आयुष्यात डास मारला नव्हता, त्या जैन घरात कुणीच मारला नव्हता. फुंकर मारून उडवायचे सगळे. उजवा हात सपकन आला आणि दंडावर रक्ताचा ठिपका उरला.

"अगं!" अक्का ओरडल्या.

"मी नाही मारला अक्का. हातानेच…"

"हात कुणाचा?" अक्कांनी विचारलं.  चारुशीलाने दंड धुतला आणि त्या रात्री जेवली नाही. सकाळी सगळं विसरून वेणी स्वतःच्या हाताने घातली. हातच इतका गोड होता.

श्रावणात दोनतीन दिवस उघडीप मिळाली. भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या आधी घरातल्या गोधड्या उन्हात घालायचा अक्कांचा रिवाज. दोघींनी मिळून त्या गच्चीवर पसरल्या आणि उतरायला लागल्या. जिना घराच्या बाहेरून, सिमेंटचा, एका बाजूने उघडा. चारुशीलाच्या पायाला अजून भिंतीचा आधार लागायचा, म्हणून ती भिंतीकडून. अक्का मोकळ्या बाजूने. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांचा दंड चारुशीलाच्या उजव्या हातात. हे रोजचंच होतं.

"तुझ्या कॉलेजातून फोन आला होता," अक्का उतरता उतरता म्हणाल्या. "नवीन प्राचार्य आहेत कुणी. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन तास घ्याल का, म्हणून विचारत होते."

चारुशीलाच्या छातीत काहीतरी उजळलं. "मग?"

"मग काय! सांगून टाकलं मी. तिला झेपायचं नाही, दुसरी बाई बघा."

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? तुला मी ओळखत नाही होय?" असं म्हणत अक्कांनी खालच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि सगळा भार चारुशीलाच्या हातावर दिला.

त्या क्षणी चारुशीलाच्या मनात दोन शब्द आले. पडू दे.

ते शब्द पुरते उमटायच्या आत बोटं उघडली होती. लगोलग तिच्या सगळ्या जिवातून दुसरा विचार उसळला. नाही, धर! बोटं मिटली. मुठीत काही नव्हतं. अक्का जिन्यावरून खाली अंगणात पडल्या होत्या, आणि पडल्यावर त्यांनी पहिली हाक मारली ती "चारू!" अशीच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवला. वय बघता पुन्हा आपल्या पायांनी चालतील याची खात्री नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शुद्धीवर आल्यापासून अक्का येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. "यंत्र बिघडलं तिच्या हातातलं. ती बिचारी काय करणार? मला धरायला आली होती की." आणि चारुशीलाकडे वळून म्हणायच्या, "तू कशाला तोंड पाडून बसलीस? जेवलीस काय?"

प्रत्येक वेळी चारुशीलाला मनातल्या मनात तो जिना पुन्हा उतरावा लागायचा.

डॉ. नाझनीन स्वतः जयसिंगपूरला आल्या. बाहीत साठलेले सगळे संकेत त्यांनी तपासले होते. दिवाणखान्यात दोघीच होत्या, अक्का अजून हॉस्पिटलमध्ये.

"यंत्रात मला दोष सापडत नाही," त्या म्हणाल्या. नेहमीसारखं झरझर नाही, शब्द शोधत. "बोटं उघडायची तयारी तुमच्या मेंदूत झाली आणि बाहीने ती अंमलात आणली. ती का झाली, हे यंत्राला दिसत नाही मॅडम. खाज सुटली असेल, बोटं अवघडली असतील, पकड बदलायची असेल. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आतलं फक्त तुम्हालाच ठाऊक. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी रेकॉर्ड केलेल्या आवाजात ओरडत गेली.

"काही नाही," चारुशीला म्हणाली. "काहीच नव्हतं."

नाझनीननी श्वास सोडला. "मग घामाने बाही सरकली असणार. उन्हात काम करत होतात ना? तसंच धरून चालू. पट्टा थोडा घट्ट केला की झालं. मला भीती वाटत होती की सगळ्यांचेच हात हळू करावे लागतील. किती खूश आहेत लोक! शेरकर म्हणून एकजण आहेत नगरचे. काल त्यांनी व्हिडिओ पाठवला. लहानग्या मुलीला वर उडवतात आणि झेलतात, त्याच हाताने."

त्या गेल्यावर चारुशीलाने बाही काढली आणि कपाटात ठेवून दिली. हात पुन्हा लोंबू लागला.

वीस वर्षं तिने मुलांना मन आणि शरीर यांचं नातं शिकवलं होतं. फळ्यावर दोन वर्तुळं काढायची आणि विचारायची, यांच्यामधला बाण कुठून कुठे जातो? कुणी म्हणतं दोन्ही वेगळी, मन हुकूम देतं आणि शरीर पाळतं. चार्वाक म्हणतात मन असं वेगळं काही नाहीच, शरीरातच ते आंबून तयार होतं. सांख्यांच्या मते करणारी सगळी प्रकृती, पुरुष नुसता बघणारा. काहींच्या मते विचार म्हणजे मिक्सरचा आवाज. मिक्सर फिरला की येतो, पण आवाज मिक्सर फिरवत नाही. मुलं हसायची, वही भरायची.

आता तिने एकेक मत स्वतःला लावून बघितलं. मन हुकूम देत असेल, तर हुकूम तिचाच. मेंदूच सगळं करत असेल, तर मेंदू तिचाच. नुसती बघणारी असेल, तर तिने अक्कांना पडताना बघितलं, आणि एक क्षण तिला ते हवं होतं. कुठल्याही दारातून गेलं तरी ती त्याच अंगणात येऊन उभी राहायची. लहानपणी पाठशाळेत शिकलेलंही आठवलं. हातून जीव गेला तर ती द्रव्यहिंसा. मनात मारायचा भाव आला, आणि जीव गेला नाही, तरी ती भावहिंसा. पंडितजी सांगायचे की दुसरी मोठी. इतकी वर्षं प्रत्येकाच्या मनात असं काहीबाही येत असणार आणि हाताशी येऊन विरत असणार. तिच्याही मनात आलं असेल, अक्का तेल चोळत असताना, घास भरवत असताना. तेव्हा हात मेलेला होता म्हणून ती चांगली होती काय?

आणि ती नगरची पोर दिसायची. हवेत उडालेली, हसणारी.

अक्का घरी आल्या. चारुशीला एका हाताने त्यांना उठवायची, पाठीला उशी लावायची, भांडं द्यायची. मदतीला मंगल नावाची बाई ठेवली होती.

"बाही का घालत नाहीस?" अक्का करवादायच्या. "एका हाताने धडपडत बसतेस. सांगितलंय ना त्या डॉक्टरणीने, पट्टा घट्ट केला की झालं?"

"भीती वाटते."

"मी पडले. भीती मला वाटायला पाहिजे की तुला?"

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावणीचा दिवस उजाडला. सकाळपासून माणसांची रीघ. शेजारी, भाचरं, मंदिरातली मंडळी. प्रत्येकजण हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचा, अक्काही अंथरुणातून "उत्तम क्षमा" म्हणायच्या. काय चुकलं हे कुणी कुणाला सांगत नव्हतं, विचारतही नव्हतं. वर्षभराचं सगळं एका शब्दात पुसायचं, खोबऱ्याची वडी खायची आणि पुढच्या घरी. दुपार कलल्यावर घर रिकामं झालं. मंगल भांडी घासत होती. चारुशीला अक्कांच्या पलंगाशी बसली.

"अक्का, यंत्र बिघडलं नव्हतं."

"मग?"

"तुम्ही कॉलेजचं सांगितलंत आणि माझ्या मनात आलं, पडू दे. खरंच आलं. लगेच नको म्हटलं मी, पण तोवर हात सुटला होता. डॉक्टरांशी खोटं बोलले. तुमच्याशीही." तिने डाव्या हाताने उजवा उचलून जोडला. "मला क्षमा करा."

अक्कांनी चष्मा काढून उशीशेजारी ठेवला.

"आजच का सांगितलंस?"

"आज… क्षमा मागायचा दिवस."

"आज मागितली की नाही म्हणता येत नाही, हे ठाऊक होतं तुला."

चारुशीला चमकली. असं तिने ठरवलं नव्हतं. पण नव्हतंच असंही म्हणता येईना. "मग नका करू अक्का. आज नका करू."

"नाहीच करत." अक्कांनी मान भिंतीकडे वळवली. थोड्या वेळाने, तशाच भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "किती वेळ होतं मनात?"

"क्षणभर."

"क्षणभर म्हणजे होतंच की."

त्या दिवसापासून अक्का तिच्याशी बोलेनाशा झाल्या. काही लागलं तर मंगलला हाक. चारुशीला खोलीत गेली की डोळे मिटायच्या. आलेल्या माणसांपुढे यंत्राचं नाव काढायचं त्यांनी बंद केलं, पण दुसरं काही सांगितलंही नाही. चारुशीलाला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आधी तिला एकटीला ठाऊक होतं, आता घरभर ते पसरलं होतं.

तिने नाझनीनना फोन केला आणि सगळं सांगितलं. 

"मला शंका होती," नाझनीन म्हणाल्या. "घामाचं मीच सुचवलं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणावं अशी वाट बघत होते बहुतेक, आणि नाही म्हणू नये अशीही. सेतूसाठी अकरा वर्षं घातलीत मी." मग आवाज सावरून म्हणाल्या, "सगळ्या बाहीवाल्यांना बोलावते. तुम्ही तुमच्या तोंडाने सांगाल? मी सांगितलं तर त्यांना फक्त आकडे वाटतील."

जायच्या दिवशी चारुशीला निघाली, तर अक्का व्हीलचेअरमध्ये तयार बसलेल्या. इस्त्रीची साडी, चष्मा पुसलेला.

"मीही येणार," मंगलकडे बघत त्या म्हणाल्या. "माझंच हाड मोडलंय. काय सांगते ते ऐकायला पाहिजे मला."

पुण्याच्या केंद्रात वीसेक माणसं जमली होती, बाकीची भिंतीवरच्या पडद्यावर. चारुशीला उभी राहिली. वर्गात ती कधी अडखळत नसे, आज प्रत्येक वाक्याला थांबली. जिना, फोन, ते दोन शब्द, मुठीतली रिकामी जागा. तिने काही वगळलं नाही, हातावर काही ढकललं नाही. मग नाझनीननी सांगितलं की आता बाही घंटीची वाट बघेल. मेंदूने तयारी केली तरी माणसाला 'नको' म्हणायला वेळ मिळेल. हात हळू होतील, थोडे अडाणी होतील.

मागून एक उंच, दाढीवाला माणूस उठला. त्याच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी होती, त्याच्या दाढीशी खेळणारी.

"मी प्रल्हाद शेरकर. नगर," तो म्हणाला. "बाईंचं दुःख मला कळतं. पण त्यांच्या मनात होतं ते त्यांच्या हातून झालं. माझ्या मनात असं काही नाही. चार वर्षांनी मला हात मिळालाय. दुसऱ्याच्या मनातल्या पापासाठी माझा हात का मारता?"

दोनचार जणांनी माना हलवल्या. चारुशीलाने खाली बघितलं. तो चूक बोलत होता असं तिला वाटलं नाही.

"तुमची मुलगी काय?" व्हीलचेअरमधून अक्कांनी विचारलं. सगळे वळले.

"हो."

"गोड आहे. रात्रीची रडते काय?"

"रडते की. दात येताहेत." तो हसला.

"बायको दमलेली असणार. मग तुम्ही घेऊन फिरता."

"हो, तासन्‌तास…"

"आणि पहाटे, तरीही ती थांबत नाही, तेव्हा?"

प्रल्हाद शेरकर काही बोलायला गेला. तोंड उघडं राहिलं. त्याने मुलीकडे बघितलं, मग तिच्या पाठीवर ठेवलेल्या आपल्या उजव्या हाताकडे.  मग तो सावकाश बायकोच्या खुर्चीकडे गेला, मुलगी तिच्या मांडीवर दिली आणि परत जागेवर येऊन बसला. डाव्या हाताने तो बाहीचा पट्टा सोडवू लागला.

"मीसुद्धा दुसऱ्यांचंच करत आलेय आयुष्यभर. माझ्याही मनात येऊन गेलंय," अक्का म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाह्यांची आज्ञावली बदलली, पडद्यावरच्या माणसांची दुरूनच. चारुशीलाने तिची मुद्दाम बरोबर आणली होती. नाझनीननी ती स्वतः तिच्या हातावर चढवली. पाण्याचा ग्लास धरायला तिला आता दोनदा ठरवावं लागत होतं. एकदा हवा म्हणून, आणि मग खरंच हवा म्हणून. शेरकर जाताना तिच्यापाशी क्षणभर थांबला आणि पुढे गेला. 

परतीची गाडी विनाचालक होती. महामार्गावर ती एकसारखी धावत होती आणि दोघी काचेबाहेर बघत होत्या. कराडच्या अलीकडे अक्कांना बाथरूमला जायला उतरायचं होतं. गाडी एका हॉटेलच्या आवारात थांबली. मागचं दार सरकलं, व्हीलचेअर बाहेर येऊन उलगडली आणि अक्कांची सीट वळू लागली. बसलेल्या माणसाला अलगद उचलून खुर्चीत ठेवायची सोय होती.

अक्कांनी लाल बटण दाबलं. सीट अर्ध्यात थांबली.

"तू धर," त्या म्हणाल्या. क्षमावणीनंतर थेट तिच्याशी बोललेले हे पहिलेच शब्द.

"अक्का, गाडी करेल की. तिच्याकडून चूक होत नाही. माझा हात आता…"

"तू धर म्हणते ना."

चारुशीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. ट्रक घरघरत जात होते. हॉटेलातून कुणीतरी चहाची ऑर्डर ओरडत होतं.

"क्षमा केली असं समजू नकोस," अक्का म्हणाल्या.

"नाही समजत."

"करीन की नाही, सांगता येत नाही. कॉलेजचं मी चुकले, ते वेगळं. त्या प्राचार्याला तू फोन कर. पण हे मोठं आहे."

"हो, अक्का."

अक्कांनी दंड पुढे केला. चारुशीलाने डावा हात त्यांच्या पाठीमागे घातला आणि उजवा पुढे नेला. धरायचं, असं तिने ठरवलं. काही झालं नाही. पुन्हा ठरवलं. मग अंगठा हलला, त्यामागून एकेक बोट, आणि पकड त्या सुरकुतलेल्या दंडाभोवती बसली. तेव्हा तिला कळलं की अक्का थरथरताहेत. खांद्यापासून पायापर्यंत सगळं शरीर ताठ झालं होतं, कपाळावर घाम फुटला होता, डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या हाताने त्यांनी सीटची कड इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

"अक्का, घाबरलात. सोडते मी. गाडीला सांगू?"

"नको," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "अंग घाबरलंय. मी नाही." त्यांनी सीटची कड सोडली. "उचल."

चारुशीलाने उचललं.